दोघांचं असलं की कुणाचंच नसतं का?

(राईन नदीच्या फ्रान्स आणि जर्मनी या दोन्ही काठांवरच्या मराठी मंडळांच्या एकत्र मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात तालमीत ढोलाचं पान फाटलं. ढोल दोन्ही मंडळांच्या वर्गणीतून आणलेला. एका काठाचे म्हणाले, तुमच्या पथकाच्या हातात फाटला. दुसऱ्या काठाचे म्हणाले, ठेवायला तुमच्याकडे होता, दमट तळघरात त्याची वाट लागली. आवाज चढले. तेव्हा कोपऱ्यात ताशा मांडीवर घेऊन बसलेली आठ वर्षांची पोर आईला म्हणाली, "दोघांचं असलं की कुणाचंच नसतं का गं?"

चाळीतला सामाईक नळ ज्यांनी पाहिलाय त्यांना या प्रश्नाचं वजन वेगळं सांगायला नको.

आज बोलायला विषय मागितला होता विज्ञानाचा, आणि तो मी या प्रश्नाला धरूनच घेतोय. फ्रान्समध्ये ग्रनोबलला द्राक आणि इझेर नद्यांच्या संगमाजवळ एक संशोधन-अणुभट्टी आहे, लाउए-लांजव्हँ संस्थेची. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने तिचा करार १९ जानेवारी १९६७ रोजी केला. जर्मनीचे आदेनाउअर आणि फ्रान्सचे द गॉल यांनी केलेल्या मैत्रीच्या एलिझे कराराला तेव्हा चार वर्षं होत होती, महायुद्ध संपून जेमतेम बावीस. नावातले माक्स फॉन लाउए जर्मन आणि पॉल लांजव्हँ फ्रेंच, दोघेही भौतिकशास्त्रज्ञ. याच लांजव्हँना १९४० साली पॅरिसमध्ये जर्मनांनी अटक करून तुरुंगात टाकलं होतं. पाटीवर आज ही दोन नावं एका जोडरेघेने बांधलेली आहेत.

आता पोरीच्या प्रश्नाकडे. दोघांची वस्तू नेमकी कुणाची? करार सरकारांचा असला तरी संस्था आहे फ्रेंच कायद्याखालची एक कंपनी, आणि दोन्ही देशांच्या संशोधनसंस्था तिच्या भागीदार. १९७३ मध्ये ब्रिटन तिसरा भागीदार झाला. जागा फ्रान्सची म्हणून अणुसुरक्षेचे नियम फ्रान्सचे, आणि ते जर्मन शास्त्रज्ञालाही तसेच लागू. पहिले संचालक जर्मनीचे हाइन्त्स मायर-लाइब्नित्स. शास्त्रज्ञांना बहुधा पाच वर्षांची नेमणूक मिळते, म्हणजे शिकलेला माणूस आपल्या देशात परत जाऊन पुढची फळी तयार करतो. याची किंमतही आहे. यंत्राची खोड कळायला दोन वर्षं जातात, आणि ती कळलेला माणूस तिसऱ्या वर्षी पुढची नोकरी शोधू लागतो. म्हणून तिथले कायम तंत्रज्ञ हा त्या संस्थेचा खरा कणा आहे, असं माझं ठाम मत आहे.

ही भट्टी वीज तयार करत नाही. ५८ मेगावॅट उष्णता नदीच्या पाण्याने वाहून न्यायची, आणि हवे असतात ते फक्त न्यूट्रॉन. सगळ्या भट्टीत इंधनाचा नग एकच. दोन समकेंद्री ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांच्या मधल्या जागेत २८० वाकवलेले पत्रे. पत्र्याची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणि दोन पत्र्यांमधली फट १.८ मिलिमीटर. पत्रे सरळ लावले असते तर फट आत अरुंद आणि बाहेर रुंद झाली असती. म्हणून त्यांना असा बाक दिलाय की आतल्या नळीपासून बाहेरच्या नळीपर्यंत फट सारखीच राहते. त्या फटींतून जड पाणी, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असलेलं पाणी, जोरात वाहतं. एखादा पत्रा फुगला की तेवढ्या जागी पाणी अडतं आणि पत्रा जळू शकतो, म्हणून बनवताना प्रत्येक फट मोजावी लागते. असा एक नग साधारण पन्नास दिवस चालतो. मग भट्टी थांबवायची, नग बदलायचा, पुन्हा सुरू करायची.

बाहेर पडणारे न्यूट्रॉन फार वेगवान असतात. त्यातले काही उणे २५० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेल्या द्रव ड्युटेरियममधून जातात आणि मंदावतात. मग आतून धातूचा आरशासारखा लेप दिलेल्या नळांतून त्यांना दूरच्या उपकरणांपर्यंत नेतात. डी-११ नावाच्या उपकरणात नमुना आणि त्यातून विखुरलेले न्यूट्रॉन टिपणारा शोधक (डिटेक्टर) यांच्यात चाळीस मीटरपर्यंत अंतर ठेवता येतं. मधली नळी निर्वात करावी लागते, नाहीतर हवाच न्यूट्रॉन विखुरते.

एवढा खटाटोप कशासाठी? क्ष-किरणांना हायड्रोजन जवळजवळ दिसत नाही, न्यूट्रॉनला दिसतो. शिवाय साधा हायड्रोजन आणि ड्युटेरियम त्याला अगदी वेगळे दिसतात. साध्या पाण्यात जड पाणी मिसळत गेलं की सुमारे ४२ टक्क्यांवर प्रथिन पाण्यात विरघळल्यासारखं अदृश्य होतं आणि त्याला चिकटलेला डीएनए तेवढा उरतो. ६५ टक्क्यांच्या आसपास डीएनए नाहीसा होतो आणि प्रथिन दिसतं. म्हणजे पडदा नुसतं पाणी बदलून उघडता येतो.

आणि इथेच बिघडतं. जड पाण्याची बाटली उघडी राहिली की ते हवेतली वाफ ओढून घेतं, साधा हायड्रोजन आत शिरतो आणि ठरवलेली टक्केवारी चुकते. जड पाणी ३.८ अंशांवर गोठतं, त्यामुळे सवयीने नमुना चार अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवला आणि फ्रिज जरा जास्त गार झाला, की सकाळी प्रथिनाचा चोथा. आम्लता मोजताना नेहमीच्या काचेच्या इलेक्ट्रोडवर दिसेल त्या आकड्यात ०.४ मिळवायचे, हे विसरलं की सगळी मालिका वाया. रिकामी कुपी मोजायची, किरण अडवून पार्श्वभूमी मोजायची, नमुन्यातून आरपार किती न्यूट्रॉन जातात तेही मोजायचं. यातलं एक राहिलं तर घरी गेल्यावर आकडे असतात, अर्थ नसतो. किरणवेळ, म्हणजे उपकरण वापरायची पाळी, वर्षातून दोनदा अर्ज मागवून, समितीपुढे ठेवून, मोजून मिळते, बहुतेकदा काही दिवसच. पुन्हा मागायची तर पुढच्या अर्जाची वाट पाहायची.

आपल्यातल्या काहींचं बालपण अणुशक्तीनगरात गेलंय. ट्रॉम्बेची ध्रुव ही संशोधन-अणुभट्टी १९८५ साली सुरू झाली, तिच्याभोवतीही न्यूट्रॉनचे असेच प्रयोग चालतात आणि विद्यापीठांतले संशोधक तिथे जातात. तिथून आलेल्यांना नमुना सांभाळण्याची ही धडपड ओळखीची आहे.

आता ढोलाकडे परत. ग्रनोबलच्या भट्टीलाही मोठा धक्का बसला होता. १९९१ मध्ये आतल्या जाळीला तडे गेल्याचं आढळलं. भट्टी बंद करून गाभ्याभोवतीचं भांडंच बदललं, आणि ती पुन्हा सुरू झाली १९९५ मध्ये. जवळजवळ चार वर्षं पैसे मोजायचे आणि न्यूट्रॉन एकही नाही. तरी कुणी भागीदारी सोडली नाही, दुरुस्ती पुरी केली.

मंडळी, आपण वर्गणी उत्साहाने काढतो. मखर, ध्वनिवर्धक, जेवणाचे डबे, सगळ्याचा हिशोब होतो. दुरुस्तीचा निधी आपल्या जमाखर्चात कधी दिसलाय का? एका आठवड्याच्या अंतराने दोन गणपती बसवतो, हॉलचं भाडं दोनदा भरतो आणि ढोल मात्र एक. तो कुणाच्या घरी किती दिवस राहील आणि पान कोण बदलेल, याचा एक कागद आपण केलेला नाही. हे मी रागाने नाही, आपलेपणाने बोलतोय.

आणि एक काळजी बोलून दाखवतो. फ्रान्सची साक्लेमधली ऑर्फे भट्टी आणि बर्लिनची संशोधन-भट्टी, दोन्ही २०१९ या एकाच वर्षात कायमच्या बंद झाल्या. ग्रनोबलचा सध्याचा करार २०३३ पर्यंत आहे. स्वीडनमध्ये लुंडला नवा न्यूट्रॉन-स्रोत उभा राहतोय, त्याचं विदा-केंद्र (डेटा सेंटर) समुद्रापलीकडे डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये. म्हणजे तीही शेजाऱ्यांची मिळून केलेली गोष्ट. पण एक मोठं दार बंद होताना दुसरं पूर्ण उघडलेलं असेल का? मधल्या वर्षांत नमुना हाताळायला, रिकामी कुपी मोजायला तरुण हात कुठे शिकतील? इथल्या आपल्या मुलांपैकी कुणी तिथवर जाणार असेल, तर कुठल्या दाराने?

त्या पोरीला मी हे सगळं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "करार संपल्यावर त्यांनी पुन्हा सही नाही केली, तर?"

ती पहिल्या रांगेत बसली आहे. ढोल अजून फाटलेलाच आहे.