मामा, ठेवू की विकू?

श्रोतेहो, नमस्कार.

माझा एक भाचा पुण्यात आयटीत नोकरी करतो. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याने टेस्ला या अमेरिकन इलेक्ट्रिक मोटार कंपनीचे सात शेअर घेतले आणि मग मला फोन केला. घेण्याआधी मामाला कोणी फोन करत नाही, हा माझा जुना अनुभव. भाव होता १,२०० डॉलरच्या आसपास. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने एका शेअरचे तीन केले, म्हणजे सातांचे एकवीस झाले, खरेदी पडली ४०० डॉलरला एक. सगळे मिळून आपल्या पैशात सव्वासहा लाख रुपये.

जानेवारी २०२३ मध्ये हाच शेअर ११० डॉलरच्याही खाली आला. सव्वासहा लाखांचे दोन लाखसुद्धा राहिले नव्हते. तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "मामा, ठेवू की विकू?" डिसेंबर २०२४ मध्ये भाव ४८० ला टेकला आणि प्रश्न पुन्हा तोच. पडला तरी तोच, चढला तरी तोच! म्हणजे हा भावाचा प्रश्नच नव्हे. म्हणून मी त्याला उलट विचारलं, "तू नक्की काय विकत घेतलं आहेस?"

तो म्हणाला, गाड्यांची कंपनी. बरं, मग गाड्या मोजू. २०२३ मध्ये टेस्लाने १८ लाखांच्या वर गाड्या ग्राहकांच्या हाती दिल्या. २०२४ मध्ये आकडा किंचित घटला, २०२५ मध्ये आणखी घटून साडेसोळा लाखांच्याही खाली आला. टोयोटा समूह वर्षाला एक कोटीच्या वर गाड्या विकतो, तरी बाजार टेस्लाची किंमत टोयोटाच्या कितीतरी पट लावतो. नफा पाहावा, तर २०२४ चा साधारण ७.१ अब्ज डॉलर. त्याच वर्षी २.७६ अब्ज डॉलर नुसते प्रदूषण-क्रेडिट विकून आले. ज्या कंपन्यांच्या गाड्या धूर जास्त सोडतात, त्या नियमात बसण्यासाठी टेस्लाकडून हे क्रेडिट घेतात. त्याला ना पत्रा लागतो ना बॅटरी, आलेली रक्कम जवळजवळ सगळी नफ्यातच. पण २०२५ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून गाड्यांच्या इंधन-वापराचे नियम मोडल्याचा दंड शून्यावर आणला. दंडच नाही, तर क्रेडिट कोण घेणार? शिवाय ग्राहकाला मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलतही त्याच वर्षी ३० सप्टेंबरला संपली.

एवढं असून शेअरचा भाव एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या शंभरपटीहून वर. का? कारण बाजार गाड्यांचं मोल करतच नाही. तो मोल करतो ड्रायव्हरविना धावणाऱ्या टॅक्सीचं आणि माणसासारखं काम करणाऱ्या यंत्रमानवाचं. कंपनीचे प्रमुख, म्हणजे इलॉन मस्क, २०१९ च्या एप्रिलमध्ये म्हणाले होते की पुढच्या वर्षी दहा लाखांहून जास्त अशा टॅक्सी रस्त्यावर असतील. प्रत्यक्षात मोजक्या गाड्यांची सेवा सुरू झाली ती जून २०२५ मध्ये, टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात. आपल्याकडे म्हणतात ना, पाण्यात म्हैस आणि वर मोल. म्हैस जातिवंत निघेलही, मी नाही म्हणत नाही. पण शिंगं तेवढी बघून आपण सौदा केलाय, हे ठाऊक असावं. टॅक्सीवर विश्वास असेल तर शेअर ठेवावा. केवळ गाड्या छान आहेत म्हणून ठेवणार असाल, तर माझ्या मते भाव फार झाला.

आता विकण्याबद्दल. कंपनी चांगली असेल तर विकायचं कशाला, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेतले नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या बर्कशायर कंपनीने २००८ मध्ये चीनच्या बीवायडी या मोटार कंपनीत २३ कोटी डॉलर घातले, तेही मुख्यतः बफे यांचे भागीदार चार्ली मंगर यांच्या आग्रहाने. चौदा वर्षं एक शेअर हलवला नाही. भाव विसाहून अधिक पट झाला. ऑगस्ट २०२२ पासून विकायला लागले, तेही थोडे थोडे करत, आणि २०२५ पर्यंत सगळे मोकळे केले. त्याच २०२५ मध्ये बीवायडीने निव्वळ बॅटरीवरच्या गाड्या विकण्यात टेस्लाला मागे टाकलं. म्हणजे कंपनी जोरात होती आणि तरी विकणारा विकून गेला. यात कोणी चुकलं असं मला वाटत नाही.

तुमच्यापैकी कोणाकडे असे परदेशी शेअर असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आपला हिशेब रुपयात असतो. भाच्याने घेतले तेव्हा डॉलर साडेचौऱ्याहत्तर रुपयांना होता, डिसेंबर २०२४ मध्ये पंच्याऐंशीला. शेअर डॉलरमध्ये वीस टक्के वाढला, पण रुपयात सदतीस टक्के. मधला फरक टेस्लाने नाही, घसरलेल्या रुपयाने दिला. प्राप्तिकर मात्र पूर्ण सदतीस टक्क्यांवर: चोवीस महिन्यांपेक्षा जास्त ठेवले असतील तर साडेबारा टक्के दराने आणि वर अधिभार-उपकर, आधी विकले तर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. आणि एकही शेअर विकला नाही तरी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागतात. हे पुष्कळ जण विसरतात.

भाच्याच्या बाबतीत उत्तर शेवटी कॅलेंडरने दिलं. त्याचा वाकडला फ्लॅट तयार होत आला होता, बिल्डरचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये होता. ज्या पैशाला तारीख आहे, तो असा लटकत ठेवू नये. मी म्हटलं, हप्त्यापुरते विक, बाकीच्यांचं तू बघ. त्याने बारा विकले. ४८० चा भाव त्याला मिळाला नाही. मिळाला चारशेवीस! आकडा ऐकून त्याची आजी म्हणाली, "असल्या भावाला कशाला विकलेस रे?" सव्वाचार लाख आले, हप्ता भरला. नऊ शेअर ठेवले, टॅक्सीसाठी.

२०२५ च्या एप्रिलमध्ये भाव २२० च्या घरात उतरला आणि अपेक्षेप्रमाणे फोन वाजला. मी म्हटलं, "आता काय, उरलेले विकायचेत?"

"नाही मामा, विकलेले बारा परत घेऊ का?"

मी विचारलं, "फ्लॅटची चावी मिळाली का?"

"मिळाली."

"मग आधी स्वयंपाकघराच्या ओट्याचे पैसे बाजूला काढ," मी म्हटलं, "आणि मग फोन कर."

अजून त्याचा फोन आलेला नाही.

नमस्कार.