नव्वद नंबर, पण कुठला?

नमस्कार मंडळी. आज गाडीच्या पोटातल्या तेलाबद्दल बोलायचंय. इंजिन ऑइल नाही हां, ते सगळेच बदलतात, आज गिअर ऑइल. आणि तेही जुन्या फोर बाय फोरवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या दारात अजून महिंद्राची एमएम ५४० जीप उभी आहे, कमांडर आहे, मेजर आहे, नाहीतर मारुतीची जुनी जिप्सी. गावाकडं अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत, भाताची पोती वाहतात, रात्री-अपरात्री पेशंट नेतात, तीस वर्षं झाली तरी धावतायत.

दुकानात गेलो की आपण काय म्हणतो, "नव्वद नंबर द्या". आणि दुकानदार देतो. घोळ इथंच होतो बघा, कारण नव्वद हा झाला फक्त तेलाचा जाडपणा. डब्यावर अजून एक गोष्ट छापलेली असते, जीएल-४ की जीएल-५, आणि ती कुणी वाचतच नाही. परत सांगतो, नव्वदवर थांबू नका, जीएल वाचा. का, ते सांगतो, पण आधी माझ्या गाडीचं झालं काय ते ऐका.

माझी ५४०, ९३ सालची, प्यूजोचं डिझेल इंजिन. घेतली तेव्हा गिअरबॉक्समधून बारीक रडल्यासारखा आवाज यायचा. हायवेवरच्या एका गॅरेजात नेली, तिथला पोरगा म्हणाला, "साहेब, सगळीकडं एकच टाकतो, एकशेचाळीस, जीएल पाच, त्याच्यावर काही नाही." चारापेक्षा पाच मोठं, मला पटलं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, पुढच्या आणि मागच्या एक्सलमधला क्राऊन म्हणजे चाकं फिरवणारं मोठं दातेरी चाक, सगळीकडं तेच गेलं. आणि आवाज खरंच बंद झाला! जाड तेलानं आवाज दबतो, दुखणं तसंच राहतं, पण हे मला तेव्हा कुठं माहीत. दोन पावसाळे मी खुशीत गाडी चालवली.

मग डिसेंबरात चुलत बहिणीचं लग्न होतं वेल्ह्याच्या पलीकडं. पहाटे निघालो, मागं आत्या, तिच्या मांडीवर रुखवताचा डबा, पायाशी दोन समया. थंडी अशी की काचेवर आतून बाष्प धरलेलं. गाडी रस्त्याला लागली आणि दुसरा गिअर पडेचना. खर्रर्र करायचा आणि दांडा परत हातात. मला वाटलं क्लच गेला. पाच-सहा किलोमीटरनी तेल जरा तापलं तसा पडायला लागला, म्हटलं चला, सुटलो. आणि बरोबर चढावर, वळणाच्या तोंडाशी, तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्यायला गेलो तर पुन्हा खर्रर्र, तोवर वेग गेला, गाडी थांबली आणि हळूहळू मागं सरकायला लागली. ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला तर तो काही धरेना. माझे दोन्ही पाय अडकलेले. तर आत्या, अहो पासष्टीची बाई, लग्नातलं जरीचं लुगडं नेसलेली, डबा सीटवर ठेवून उतरली आणि बांधावरचा दगड उचलून मागच्या चाकाला लावला. हातभर बांगड्या, नवाकोरा चुडा, आणि त्या हातात तो ओला दगड, मला ते अजून दिसतं. उरलेला सगळा घाट पहिल्या गिअरमध्ये चढलो. पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, पंगत बसलेली. आत्या एक शब्द बोलली नाही मला, पण मुहूर्त चुकल्याचं तिला लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात भोरला एका जुन्या मिस्त्रींकडं गाडी नेली, विलीज जीपांच्या काळापासून काम केलेले. त्यांनी घमेलं सरकवलं आणि पान्याला हात लावायच्या आधी मला म्हणाले, "आधी वरचा नट सैल करायचा, मग खालचा. वरचा गंजून अडकला असला आणि खालून तेल काढून बसलात, तर भरणार कुठनं?" हे लिहूनच ठेवा, आधी वरचा, मग खालचा. तेल पडलं, काळपट, गुळाच्या पाकासारखं. त्यांनी घमेलं उन्हात ओढलं आणि तेल नुसतं चकाकलं हो, बारीक सोनेरी भुकटी, जरीच्या काठावर ऊन पडावं तशी. मिस्त्रींनी बोटावर घेतलं, चोळलं आणि म्हणाले, "ही तुमची पितळी रिंग आहे."

गिअर पडताना गिअरच्या दातेरी चाकाचा आणि शाफ्टचा वेग सारखा करायचं काम ती सिंक्रो रिंग करते, आणि ती ते घासून करते, घासणं हाच तिचा धंदा. मिस्त्री म्हणाले, "तिला तुम्ही लोणी फासलं, मग ती धरणार कशी?" दाबाखाली दात झिजू नयेत म्हणून गिअर ऑइलात गंधक-फॉस्फरसची औषधं घालतात, जीएल-५ मध्ये ती जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. त्यानं रिंग घसरते, आणि काही तेलांतली औषधं तर तापल्यावर पितळ खातात. आजकालची काही जीएल-५ पितळाला सांभाळून असतात, पण घसरायचं ते घसरतंच. त्यात माझं तेल एकशेचाळीस, थंडीत ते हलतच नव्हतं. रिंग पुण्याच्या नाना पेठेतून आणली, खोलाखोलीत चार दिवस गेले.

मी विचारलं, मग आता सगळीकडं जीएल-४ टाकू का? तर त्यांनी मागच्या हाऊसिंगवर थाप मारली, "इथं टाकाल तर पिनियन खाऊन टाकाल." कारण क्राऊन आणि त्याला फिरवणारं छोटं चाक, म्हणजे पिनियन, यांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, दाबून सरकतात, तिथं जीएल-५ च लागतं. म्हणजे लक्षात ठेवा, गिअरबॉक्सला चार, क्राऊनला पाच. गिअरबॉक्सला चार, क्राऊनला पाच. ट्रान्सफर केसला गिअरबॉक्सचंच, कारण जुन्या जीपांत ती गिअरबॉक्सला चिकटून असते आणि सील जुनं झालं की तेल इकडून तिकडं जातं. जिप्सीत ती वेगळी असते, मध्ये छोटा शाफ्ट, तरी तेल तेच.

जाडपणा म्हणाल तर आपल्या हवेला ८०डब्ल्यू-९०, म्हणजे आपलं नव्वदच, बहुतेक ठिकाणी चालतं. विदर्भातला उन्हाळा, ओझं जास्त, क्राऊन झिजलेला, तर तिथं ८५डब्ल्यू-१४०, पण फक्त क्राऊनला. आणि गाडीचं पुस्तक असेल तर पहिलं ते बघा. गाडी विकताना लोक पुस्तक रद्दीत घालतात, मला याचा मनापासून राग येतो, पुढच्या माणसानं काय अंदाजानं गाडी सांभाळायची का?

आणि तो घाट मी पहिल्यावर चढलो, खरं म्हणजे डबल क्लच येत असता तर दुसरा पडला असता. न्यूट्रलला क्लच सोडायचा, जरा रेस द्यायची, परत दाबून गिअर टाकायचा. जुने एसटीवाले रोज करायचे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे अजून शिकवलं पाहिजे, मी तर म्हणतो परीक्षेतच घ्यावं.

पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी एक बघा. तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि वरचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची वाट, मातीनं बुजलेला असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. मग तेल दुधाळ होतं, चहासारखं. तसं दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका, लगेच बदला. टपावर लायटींची पट्टी लावायला पैसे असतात आणि ब्रीदर साफ करायला दहा मिनिटं नसतात, हे बरं नाही.

भरताना तेल वरच्या भोकाच्या काठापर्यंत, बोट घालून बघायचं, गाडी सपाटीला उभी पाहिजे. आणि काढलेलं तेल ओढ्यात, बांधावर ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडं ते न्यायला माणूस येतो. येतो मी, नमस्कार.