पंचाहत्तरच्या खालचं मूल

नमस्कार मंडळी. मागच्या मेळाव्यात जेवणाच्या रांगेत एका काकूंनी मला विचारलं होतं, "अगं, तू शालेय मानसशास्त्र शिकतेस, मग त्या वर्णभेदाविरुद्धच्या कामात कशाला पडतेस? आपल्या मुलांचा काय संबंध?" तेव्हा उत्तर राहून गेलं. आज देते.

१९६८-६९ साली आपल्या याच कॅलिफोर्नियात शाळेतली ९ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती. 'मतिमंद' मुलांच्या वर्गांत मात्र तीच २७ टक्के. बुद्ध्यांक ७५च्या खाली आला की रवानगी त्या वर्गात. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या सहा मुलांच्या वतीने खटला उभा राहिला. कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी त्याच मुलांची पुन्हा चाचणी घेतली. आधी गप्पा मारल्या, प्रश्न मुलांना समजतील अशा शब्दांत विचारले, उत्तर छापील नसलं तरी त्यामागची समज पाहून गुण दिले. सगळी मुलं ७५च्या वर गेली! मुलं तीच होती हो, समोर बसणारं माणूस बदललं होतं. १९७९ मध्ये न्यायाधीश पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना त्या वर्गांत घालण्यासाठी बुद्ध्यांक चाचण्या वापरायला बंदी घातली.

मी सध्या एका शाळेत प्रशिक्षण घेतेय. परवा सात वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा समोर बसला. कागदावर लिहिलं होतं, 'प्रतिसाद देत नाही.' त्याची नजर माझ्या स्टॉपवॉचवरून हलेना. मी ते खणात ठेवलं आणि चाचणी सुरू करण्याआधी त्याच्या बुटांच्या हिरव्या नाड्यांबद्दल विचारलं. त्या त्याने मोठ्या भावाकडून कशा मिळवल्या, हे तो दहा मिनिटं सांगत होता. ही दहा मिनिटं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. मी ती अहवालात लिहिली.

आता काकूंचा प्रश्न. १९७० मध्ये मेक्सिकन वंशाच्या नऊ मुलांचा असाच खटला झाला. इंग्रजीत मागे पडलेल्या त्या मुलांची चाचणी स्पॅनिशमध्ये घेतल्यावर गुण सरासरी १५ने वाढले. मुलाची तपासणी शक्यतो त्याच्या भाषेत व्हावी, हे आज अमेरिकेच्या कायद्यात आहे. आजीच्या मांडीवर मराठीत वाढून थेट इथल्या बालवर्गात गेलेलं आपलं लेकरू गप्प बसलं, तर त्यालाही तोच कायदा सांभाळतो. दुसऱ्यांच्या लेकरांनी कोर्टात मिळवलेलं आपल्या पदरात आयतं पडलंय.

तेव्हा शाळेचं तपासणीचं पत्र आलं, तर सही करण्याआधी विचारा: चाचणी कुठल्या भाषेत घेणार? बैठकीला दुभाषी मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि शाळेच्या पालकसभेत एखादी कृष्णवर्णीय आई एकटीच उभी राहून बोलत असेल, तर तिच्या शेजारी जाऊन उभे राहा.