वजडीचा बोळ, डेल्फ्ट

चित्र जेमतेम हातभर रुंद. उंची 54.3 सेंटिमीटर, रुंदी 44. डच चित्रकार योहानेस व्हर्मीरने साधारण 1658 मध्ये रंगवलेली ही नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावातली 'छोटी गल्ली' आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

आता जवळून बघा. खिडक्यांच्या आजूबाजूला भिंतीला तडे गेलेत, गवंड्याने ते बुजवलेत आणि बुजवल्याचं लपत नाही. खाली माणसाच्या उंचीपर्यंत चुना. विटा एकेक मोजून काढलेल्या नाहीत. तांबूस रंगावर विटांमधल्या सांध्यांच्या फिकट रेघा ओढल्यात, त्याही मधेमधे तुटक. दारात शिवणावर वाकलेली बाई, बाकापाशी खेळात रमलेली दोन मुलं, बोळात पिंपाशी आणखी एक बाई. तिच्याकडून नालीचं पाणी रस्त्याकडे येतंय. बोळाच्या तोंडाशी आधी आणखी एक आकृती बसवली होती. व्हर्मीरनेच तिच्यावर रंग फिरवला, म्हणून नजर थेट आत जाते. डावीकडच्या वेलीची पानं मात्र त्याने निळी केली नव्हती. हिरव्यातला पिवळा उडून गेलाय.

हे घर कुठलं? तोंडवळ्यावरून शोधणारे फसत राहिले, कारण पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याची अशी घरं गावात पुष्कळ होती. कला-इतिहासकार फ्रान्स ग्रायझेनहाउट यांनी करवसुलीची 1667 ची वही उघडली. कालव्यातला गाळ काढायचा, धक्क्याची डागडुजी करायची, तर पैसा काठावरच्या घरमालकांनी द्यायचा, तोही घराच्या रुंदीप्रमाणे. म्हणून प्रत्येक घर, प्रत्येक बोळ मोजून लिहिलेला. फरक फार तर 15 सेंटिमीटरचा. चित्राला जुळायला दोन घरं हवीत आणि मधे एकमेकांना लागून दोन बोळ. डावा बोळ बंद दारामागे आहे, तो चटकन लक्षात येत नाही. व्लामिंगस्ट्राट या कालव्याकाठच्या रस्त्यावर, आजच्या 40 आणि 42 क्रमांकांपाशी, हिशेब बसला: घरं साधारण 6.3 मीटर रुंद, बोळ प्रत्येकी 1.2. असा जोड त्यांना गावात दुसरीकडे सापडला नाही. 2015 मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. रुक्ष म्हणून कोणी उघडत नाही, त्या वहीने हे काम केलं!

उजवं घर व्हर्मीरच्या सावत्र आत्याचं, आरियान्ट्ये क्लासचं. ती वजडी विकायची, त्यावर पाच मुलं वाढवली. बोळाचं नावही पेन्सपोर्ट, म्हणजे वजडीचाच. व्हर्मीरची आई आणि बहीण त्याच कालव्याकाठी राहत.

जागेवर आता एकोणिसाव्या शतकातली घरं आहेत. उजवा बोळ तेवढा टिकलाय. हा पत्ता सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. पण दुसरा पत्ता सांगायचा, तर आधी या वहीतली मापं खोडावी लागतील.