पट सप्टेंबरात, निकाल एप्रिलात

(अंबाजोगाई येथे शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत गेली, बरीचशी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. त्यामुळे शाळेची 'गुणवत्ता' म्हटलं की मी आधी हजेरीपट मागतो, निकालाचा तक्ता मागाहून.

शाळेचा पट धरतात 30 सप्टेंबरचा. त्यावर संचमान्यता होते, शिक्षक किती मिळणार ते ठरतं. त्या दिवशी आमच्याकडे वर्ग भरलेला असतो. मग दसरा उरकतो आणि ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक गावात येऊन उभा राहतो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, कुणी लेकीच्या लग्नासाठी, कुणी दवाखान्यासाठी. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. भांडीकुंडी, पीठमीठ, एखादी शेळी गाडीत चढते आणि त्यावर पोरं बसतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटक. टोळ्या परततात त्या पाडव्याच्या आगेमागे. एप्रिलमध्ये आम्ही त्याच पोरांपुढे संकलित चाचणीची प्रश्नपत्रिका ठेवतो, आणि जो निकाल येतो तो शाळेचा निकाल म्हणून भिंतीवर लागतो.

धरून चला, चौथीत 20 मुलं आहेत. 12 वर्षभर शाळेत, 8 कोयत्यावर. बारांपैकी 9 जण गोष्ट वाचतात, आठांपैकी 2. तक्त्यावर येतं 20 पैकी 11, म्हणजे 55 टक्के. आता मला सांगा, हे 55 टक्के नेमके कुणाचे? गावात राहिलेल्यांचे 75 आहेत आणि गेलेल्यांचे 25. शेजारच्या बागायती गावातून कुणीच जात नाही आणि तिथेही 55 च आले, तर दोन्ही शाळांना एकच शेरा मिळतो. माझं मत विचाराल तर मी त्या बागायती गावच्या शाळेत आधी जाऊन बसेन. तिथे पोरं वर्षभर समोर होती.

पटावरचा मुलींचा रकानाही नीट वाचावा लागतो. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात 6 वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागे 807 मुली होत्या. ही पिढी पुढे शाळेत आली तेव्हा वर्गात मुली कमी दिसायला हव्या होत्या. माझ्या वर्गात मात्र मुलीच जास्त. घरात चार पैसे आले की मुलगा पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जायचा आणि बहीण आमच्याकडे राहायची. या मुली पहाटे उठून पाणी भरून, धाकट्याला आंघोळ घालून शाळेत येत. त्यांच्या गुणांपुढे हे कुठेच लिहिलेलं नसतं.

बंजारा तांड्यावरच्या शाळेत मी दोन वर्षं होतो. पहिलीच्या तक्त्यावर 'आ आईचा' असं बोट ठेवलं की मूल चित्र बघून खणखणीत सांगायचं, 'याडी'. घरात गोरमाटी बोलतात, आईला याडीच म्हणतात. मी पहिले काही दिवस चूक धरली. नंतर फळ्यावर दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहायला लागलो, तेव्हा पोरं बोलायला लागली.

एक मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिसरीत होती. दिवाळीआधी शब्द धडाधड वाचायची. एप्रिलमध्ये आली तेव्हा उतारा पुढे ठेवला, तर एकेक अक्षर जुळवत होती, बोटाखालची ओळ सुटत होती. मी पुस्तक मिटलं. ऊसतोडीच्या ठिकाणी हे लोक कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहतात. विचारलं, "कोपीवर काय करायचीस गं?" म्हणाली, "बारक्याला सांभाळायचे. आन् वाढ्याच्या पेंढ्या मोजायचे." वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकतात. किती पेंढ्या, एकीचे किती पैसे, सगळ्यांचे मिळून किती, तिने तोंडी सांगितलं, कुठेही न अडखळता. गणिताच्या पेपरात तसंच शाब्दिक उदाहरण तिने कोरं सोडलं होतं. तिला गणित येत होतं, उदाहरण वाचता आलं नव्हतं. पेपरवर मी शून्य दिलं होतं. ते शून्य मला आजही खुपतं.

कायद्यात वाट आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला साखर कारखान्याजवळच्या शाळेतही वर्षाच्या मध्यात बसायचा हक्क दिला आहे, दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. शिक्षण हमी कार्ड त्यासाठीच. पण कोपी शाळेपासून लांब असते, उसाचा फड बदलला की मुक्काम हलतो, आणि पाळण्यातल्या भावाला सोडून आठ वर्षांची ताई जाणार कशी? म्हणून मला हंगामी वसतिगृहावर जास्त भरवसा वाटतो. पोरं गावातच आजीकडे किंवा चुलतीकडे राहतात, जेवणाची सोय शाळेत होते, शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. एका वर्षी आमची मंजुरी उशिरा आली. तोवर ट्रक निघून गेले होते. ताटं धुऊन ठेवली होती, जेवायला कुणी नव्हतं.

दोन शिक्षक आणि चार वर्ग अशी आमची बहुतेक शाळांची रचना. परत आलेल्या पोराला वेगळं बसवून वाचायला लावायला हात कमी पडतात, हे मला ठाऊक आहे. तरीही एप्रिलपेक्षा सप्टेंबरात केलेलं काम फार पुरतं, हा माझा अनुभव आहे.

इथे बसलेल्या मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. येत्या 30 सप्टेंबरला पट लिहाल, तेव्हा प्रत्येक नावापुढे पेन्सिलने तीनपैकी एक शब्द लिहा: 'राहणार', 'जाणार' किंवा 'आजीकडे'. मग 'जाणार' लिहिलेली नावं घेऊन त्याच संध्याकाळी वस्तीवर जा, आई-बापाशी बोला, आजीशी वेगळं बोला. ट्रक यायला तेव्हा अजून काही दिवस असतात.