आधी हवा, मग खोल्या

मंडळी, आंतरविद्याशाखीय प्रयोगशाळा उभारायची ठरली, की विद्यापीठात पहिला प्रश्न येतो तो ‘कोणत्या विभागाला किती खोल्या?’ असा. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की तो शेवटी घ्या. रसायन, जीवशास्त्र आणि प्रकाशिकी एका छपराखाली कशा नांदतील, हे ठरतं उपकरणांच्या यादीवरून. प्रत्येक यंत्राचं वजन, त्याला लागणारी वीज, हवा आणि पाणी, त्यातून बाहेर पडणारी उष्णता, त्याला सोसणारं कंपन, एवढं एका तक्त्यात भरून घ्या.

तक्ता भरला, की कोणाचं कोणाशी पटणार नाही ते लगेच दिसतं. साध्या सूक्ष्मदर्शकाला जमिनीच्या कंपनाचा वेग सेकंदाला ५० मायक्रोमीटरपर्यंत चालतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला तो ६, कधी ३ मायक्रोमीटरच्या आत लागतो. म्हणून त्याची जागा सगळ्यात खाली, थेट जमिनीवर टेकलेल्या स्लॅबवर, पंपांपासून लांब. लिफ्टपासूनही लांबच, कारण तिथलं हलतं लोखंड चुंबकीय क्षेत्र ढवळतं. रसायनाच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा, क्लीन रूममध्ये, म्हणजे धूळ गाळलेल्या हवेच्या खोलीत, जास्त. दोन्हींची दारं एकाच बोळात एकदम उघडली, तर दाबातला फरक मोडतो, आणि रसायनांचा वास आणि धूळ क्लीन रूममध्ये शिरू शकते. मध्ये दोन दारांची छोटी खोली ठेवायलाच हवी.

आता हवेचा हिशोब, कारण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. ६.६ मीटर रुंद, ९ मीटर लांब आणि ३ मीटर उंच खोली घ्या. तिच्यात साधारण १७८ घनमीटर हवा मावते. तासाला ८ वेळा हवा बदलायची, तर सुमारे १,४२५ घनमीटर पुरते. आता एक फ्यूम हूड बसवा, म्हणजे घातक वाफा ओढून बाहेर टाकणारं, वर सरकणाऱ्या काचेचं कपाट. त्याचं तोंड १.५ मीटर रुंद, काच ४५ सेंटीमीटर वर, आत शिरणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. हा एकटा हूड तासाला १,२१५ घनमीटर हवा ओढतो. असे चार बसवले, की हवा तासाला २७ वेळा बदलते, आणि ती सगळी बाहेरून आणून, गाळून, थंड करून द्यायची असते. ती परत फिरवता येत नाही. नवे प्राध्यापक येतात, दोन हूड वाढवतात, आणि पुरवठा मात्र तेवढाच राहतो. मग दार ओढून उघडावं लागतं, फटींतून शिट्टी वाजते, सगळ्याच हूडांचा वेग पडतो आणि वाफा माणसाच्या तोंडावर येतात. डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे मोठे नळ, आणि पंखे यांच्यासाठीची मोकळी जागा पहिल्या दिवशीच राखा. नंतर ती कुठून काढणार?

कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूट या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या १९६५ साली पूर्ण झालेल्या इमारतीत प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्याच्या वर नळ आणि डक्टसाठी वेगळा मजला आहे, सुमारे २.७ मीटर उंचीचा. आत काम चालू असतानाच वर दुरुस्ती होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्लार्क सेंटर या आंतरविद्याशाखीय प्रयोगशाळेत, २००३ साली, बेंचच, म्हणजे कामाची टेबलंच, चाकांवर ठेवले. दोन्हींत विचार एकच, आणि मला तो पूर्ण पटतो: हूड आणि सिंक कडेला पक्के करा, वीज आणि वायू छतातून उतरवा, मधली जागा मोकळी सोडा. खोलीच्या रुंदीच्या आखणीचं एक माप साधारण ३.३ मीटर (वरची ६.६ मीटरची खोली म्हणजे अशी दोन), पाठमोऱ्या बेंचांमध्ये १.५ मीटर वाट. दोन माणसं पाठीला पाठ लावून काम करत असताना तिसऱ्याला बाटली घेऊन जाता आलं पाहिजे.

नमुने साठवायचे उणे ८० अंशांचे फ्रीझर एकत्र ठेवाल, तर उष्णता मोजा. प्रत्येकी अर्धा किलोवॅट धरला तरी बाराचे ६ किलोवॅट होतात. एसी बंद पडला, की खोली तापते आणि सगळे कॉम्प्रेसर एकदमच दमतात. द्रव नायट्रोजनच्या एका लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, आणि तो खोलीतल्या ऑक्सिजनची जागा घेतो. म्हणून ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला की वाजणारी घंटा दाराबाहेरही ऐकू यायला हवी.

आणि किल्ल्या हातात घेण्याआधी सगळे हूड एकदम चालू करा, काचा वर घ्या, धूर सोडून बघा, दारं उघडझाप करा. मग मुख्य वीज तोडा आणि कोणते पंखे जनरेटरवर परत फिरायला लागतात, ते समोर उभं राहून मोजा.