रातथारा

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरासमोर एक जुना कडुनिंब आहे. दिवेलागणीला तिथे साळुंक्या उतरतात. जागेसाठी रेटारेटी चालते. एखादी ढकलली गेली की झाडाभोवती गिरकी घेऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा आत घुसते. दहा-पंधरा मिनिटं असा कल्ला, आणि मग एकाएकी सगळं चिडीचूप. कित्येक वर्षं मी त्याला नुसता गोंगाट म्हणत होते. मग रानावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींनी मराठीला दिलेला एक शब्द वाचनात आला : रातथारा. पाखरं रात्री एकत्र मुक्कामाला येतात ती जागा. त्या संध्याकाळी मी खिडकीत उभी राहिले ती अंधार पडेपर्यंत.

चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, पण आयुष्य वेचलं ते रानात. वनखात्याच्या नोकरीत नवेगाव बांध, नागझिरा, मेळघाट पायांखाली घातलं आणि निवृत्तीनंतर बरीच वर्षं ते आपल्या नागपुरात राहिले. कावळ्यांच्या वीण-वसाहतीला त्यांनी ‘काकागार’ म्हटलं, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. संस्कृत ग्रंथ त्यांनी अभ्यासलेच, पण नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांचा हात धरून ते तळ्याकाठी हिंडले. म्हणून त्यांच्या रानात माणसंही आहेत. मला त्यांचं हेच फार मोठं वाटतं. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी, १८ जूनला, ते गेले.

व्यंकटेश माडगूळकर तर दुष्काळी माणदेशाचे. तेही आपल्या नागझिऱ्याला येऊन राहिले आणि त्या जंगलावर अख्खं पुस्तक लिहून गेले. इथून दोन-तीन तासांवरचं रान आपल्याला त्यांनी दाखवावं, याचं मला अजून नवल वाटतं. आपण सहलीला जातो, वाघ दिसला नाही की हिरमुसून परततो. या दोघांना पाऊलवाटेवरचं वाळलेलं पानही पुरत असे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत फांद्या छाटायला माणसं आली. मी खाली धावले. म्हटलं, “दादा, तारेवरची फांदी काढा, पण ती मधली राहू द्या. तिथे पाखरांचा रातथारा आहे.” त्यांनी विचारलं, “म्हणजे काय जी?” मी सांगितलं. त्यांनी मान वर करून एकदा नीट पाहिलं, कोयता कमरेला खोचला आणि शिडी पलीकडे नेली.

ती फांदी अजून आहे. साळुंक्या उतरतात, तेव्हा मी रेडिओचा आवाज जरा कमी करते.